बंदरीं उतरणारा प्रवासी आणि मुंबईचा दिसेनासा झालेला कोट

(१)

गेल्या वर्षीं पौष महिन्यांत कांहीं जुनीं पुस्तकें पाहण्याच्या उद्देशानें आम्ही मुंबईस गेलों होतों. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयांत जाऊन बसण्यापूर्वीं सकाळीं बॅलार्ड इस्टेटच्या बाजूस थोडें फिरावें, असा आमचा जुना परिपाठ आहे. त्या दिवशीं धक्क्यास एक मोठी विहारनौका लागली होती. जिला हल्लीं 'क्रूझ' म्हणतात त्या जातीची ती नौका असून तिचे वरचे मजले गोदीच्या भिंतीवरून दिसत होते. गोदीच्या फाटकांतून उतारू दोनदोन, चारचार असे बाहेर पडत होते. बाहेर टॅक्सीवाल्यांची गर्दी होती, आणि कित्येक उतारू मोटारींत बसून निघूनहि गेले. परंतु बरेच असे होते कीं, त्यांनीं मोटार नाकारली, डोक्यावर टोपी चढविली, पाण्याची बाटली खांद्यास अडकविली आणि पायींच शहराचा रस्ता धरिला.

त्यांपैकीं एक वृद्ध जोडपें आमच्यापाशीं येऊन थांबलें. गृहस्थांच्या हातांत नकाशा होता. त्यावरील 'फोर्ट' या अक्षरांवर बोट ठेवून त्यांनीं विचारलें कीं, हा किल्ला कोणत्या बाजूस आहे? आम्हीं सांगितलें, आपण उभे आहां हाच भाग फोर्ट होय. त्यावर बाईंनीं इकडेतिकडे पाहून पुन्हा विचारलें, "तें समजलें, पण किल्ला कोठें आहे?" आम्हीं क्षणभर विचार करून उत्तर दिलें कीं, किल्ला आतां उरला नाहीं, नांव तेवढें राहिलें आहे. दोघांनीं आभार मानिले आणि तीं गेटवेच्या दिशेनें चालूं लागलीं.

पस्तीस वर्षें शाळेंत इतिहास व संस्कृत शिकविलेल्या मनुष्यास हें उत्तर पुढें दिवसभर टोचत राहिलें. म्हणून योजिलेलें काम बाजूस ठेवून आम्हीं मुंबईच्या कोटाविषयींचीं साधनें चाळलीं, आणि पुढील दोन दिवस तो भाग पायीं फिरून पाहिला. तेव्हां आमचें उत्तर दोन्ही अंगांनीं चुकलें होतें, अशी आमची खात्री झाली. तें कसें, हें सांगणें, आणि त्या निमित्तानें बंदरांत चार घटका उतरून पायीं शहर पाहणाऱ्या प्रवाशाचा इतिहासाशीं काय संबंध पोहोंचतो याचा विचार करणें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(२)

समुद्रमार्गानें येणारा परका मनुष्य आपल्या किनाऱ्यास नवा नाहीं. आपल्या कोशांत समुद्रावर व्यापार करणाऱ्यास 'सांयात्रिक' असा स्वतंत्र शब्द आहे, आणि बंदरास 'वेलाकूल' हा शब्द ताम्रपटांतून येतो. शिलाहार राजा अनंतदेव याच्या शके १०१६ (इ. स. १०९४) मधील खारेपाटण येथील ताम्रपटांत श्रीस्थानक म्हणजे ठाणें, शूर्पारक म्हणजे सोपारें, चेमूल्य म्हणजे चौल, आणि त्यांच्या जोडीस नागपूर, या वेलाकूलांत येणाऱ्या कांहीं विशिष्ट गलबतांस जकात माफ केल्याचें सांगितलें आहे. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास चौलास उतरला, आणि तेथून घांट चढून जुन्नरास गेला. जॉन फ्रायर हा कंपनीचा डॉक्टर १६७३ सालीं मुंबईस आला व त्यानें येथील वस्तीचें वर्णन लिहून ठेविलें. परंतु हे सर्व लोक कांहीं काम घेऊन आले होते. कोणी माल आणला, कोणी चाकरीस आला, कोणी धर्मकार्यासाठीं आला. एकदां उतरल्यावर मोसम पालटेपर्यंत त्यांस महिनेच्या महिने येथें राहणें भाग असे. त्यामुळें त्यांच्या लेखांत चुका असल्या तरी सहवास असतो.

केवळ पाहण्यासाठीं जहाजांत बसावें, जहाजांतच जेवावें व निजावें, आणि बंदर येईल तेथें दिवसभर उतरून सायंकाळीं परत जहाजावर जावें, ही रीति अगदीं अलीकडची आहे. १८४४ सालीं थॅकरे या इंग्रज लेखकानें पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटींतून भूमध्य समुद्रांतील बंदरें पाहिलीं व त्यावर पुस्तक लिहिलें. १८६७ सालीं 'क्वेकर सिटी' ही आगबोट न्यूयॉर्कहून सहलीच्या उतारूंस घेऊन त्याच समुद्राकडे गेली. तींत मार्क ट्वेन होता. १८६९ सालीं सुएझचा कालवा खुला झाला. पुढें १८९१ च्या जानेवारींत 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' ही जर्मन आगबोट कुक्सहाफेनहून भूमध्य समुद्राच्या विहारास निघाली. हिंवाळ्यांत अटलांटिकवरील उतारूंची ये-जा मंदावते आणि मोठीं जहाजें रिकामीं पडून राहतात, त्यांस कांहीं काम मिळावें, असा तिचे चालक अल्बर्ट बालीन यांचा हिशेब होता. हल्लींच्या विहारनौकांचा वंश बहुतेक लोक येथूनच मोजतात.

या प्रवाशाची स्थिति इतर सर्व प्रवाशांहून वेगळी असते. यात्रेकरूस देवाचें बंधन, व्यापाऱ्यास मालाचें बंधन, तसें यास वेळेचें बंधन असतें. समजा, जहाज सकाळीं लागून सायंकाळीं सुटावयाचें आहे. उतरतांना कागदपत्रें दाखविणें, गोदीच्या फाटकापर्यंत येणें आणि परतीच्या वेळीं तास दोन तास आधीं पोहोंचणें, इतकें वजा जातां त्याच्या हातीं पांच-सहा तास उरतात. साठी उलटलेला मनुष्य वस्तु पाहत, थांबत, बसत चालूं लागला तर एवढ्या वेळांत पांच-सहा मैलांहून अधिक जात नाहीं. आणि त्यांतील निम्मे मैल परतीचे. म्हणजे जहाजाची शिडी हा मध्य धरून अडीच-तीन मैल त्रिज्येचें एक वर्तुळ काढिलें, तर तेवढें त्याचें जग होय. त्या वर्तुळांत जें नाहीं तें त्याच्या दृष्टीनें त्या शहरांतच नाहीं.

यावरून एक गोष्ट निघते. पायीं हिंडणारा प्रवासी शहरांत काय पाहील हें त्याच्या आवडीवर जितकें अवलंबून असतें, त्याहून अधिक तो कोठें उतरतो यावर अवलंबून असतें. उतरण्याची जागा हललीं कीं त्याचें शहर बदलतें. मुंबईंत ही जागा दोनदां हलली आहे.

(३)

पहिला काळ कोटाचा. १६६१ च्या विवाहकरारान्वयें मुंबई इंग्रजांच्या राजाकडे आली, आणि १६६८ सालीं राजानें ती वार्षिक दहा पौंड भाड्यानें कंपनीच्या हवालीं केली. समुद्राकांठचा जुना वाडा कंपनीच्या हातीं आला. तोच पुढें बॉम्बे कॅसल म्हणून प्रसिद्ध झाला. १५६३ सालीं ज्याचा औषधीविषयक ग्रंथ गोव्यास छापला गेला, त्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचें घर याच जागीं होतें असें मानतात. या वाड्याभोंवतीं वस्ती वाढली, आणि चार्ल्स बून हा गव्हर्नर असतां, १७१५ नंतरच्या वर्षांत, त्या वस्तीभोंवतीं दगडी तट उभा राहिला. जमिनीच्या बाजूस त्यास तीन दरवाजे होते: दक्षिणेस अपोलो, पश्चिमेस चर्चगेट व उत्तरेस बझारगेट. मिलबर्न यानें १८१३ सालीं छापलेल्या आपल्या व्यापारविषयक ग्रंथांत समुद्राकडील दोन दरवाजांचेंहि वर्णन केलें आहे. त्यांच्यापुढें धक्के बांधले होते आणि केवळ उतारूंसाठीं उतरण्याची निराळी जागा होती, असें तो सांगतो. अपोलो दरवाजापासून बझारगेटपर्यंत कोटाची लांबी सुमारें एक मैल, आणि रुंदी त्याच्या चतुर्थांशाच्या आसपास. त्यापूर्वीं येथें राहून गेलेल्या फोर्ब्सनें सर्व घेर दोन मैलांच्या आसपास सांगितला आहे.

त्या काळीं मोठीं जहाजें खोल पाण्यांत नांगरून राहत व उतारू होड्यांनीं धक्क्यास येत. १८०९ च्या मे महिन्यांत मारिया ग्रॅहॅम ही बाई मुंबईस उतरली, ती अशाच काळीं. होडींतून पाय बाहेर ठेवतांच मनुष्य कोटाच्या आंत येई. १७१८ सालचें सेंट थॉमसचें देऊळ, त्यापुढील हिरवळ, कापसाचे ढीग, उत्तरेकडील पारशी, वाणी व बोहरी लोकांच्या दाट गल्ल्या, हें सर्व त्यास एका मैलाच्या आंत पायाखालीं मिळे. शहर कोठें सुरू होतें व कोठें संपतें हें त्यास कोणास विचारावें लागत नसे. तट तें सांगत असे.

दुसरा काळ अपोलो बंदराचा. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकीर्दींत १८६२ सालापासून तट पाडण्यास आरंभ झाला. गोविंद नारायण माडगांवकर यांचें 'मुंबईचें वर्णन' हें पुस्तक १८६३ सालीं प्रसिद्ध झालें. म्हणजे जुनी मुंबई मोडून नवी होत असतां तिचें मराठींत वर्णन करणारा मनुष्य आपल्यांत होता, ही समाधानाची गोष्ट आहे. तट गेल्यावर त्याच्या पश्चिमेच्या मोकळ्या पटांगणाच्या कडेनें सचिवालय व विद्यापीठाचें सभागृह (१८७४), राजाबाई मनोरा व हायकोर्ट (१८७८) अशा इमारतींची रांग उभी राहिली. आगबोटींतून येणारे उतारू अपोलो बंदराच्या बाजूनें येऊं लागले, आणि त्यांचीं मुक्कामाचीं ठिकाणेंहि तिकडेच झालीं. १८९६ च्या जानेवारींत मार्क ट्वेन मुंबईस आला तेव्हां तो वॉटसनच्या हॉटेलांत उतरला होता. ताजमहाल हॉटेल उघडलें तें १९०३ सालीं. या उतारूंनीं जी मुंबई पाहिली ती ही नवी, उंच मनोऱ्यांची मुंबई होय. ज्या जमिनीवरून ते हिंडत होते तेथें एका पिढीपूर्वीं तट व खंदक होता, हें कळण्यास त्यांस साधन नव्हतें.

तिसरा काळ बॅलार्ड पियरचा. १८७३ सालीं पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. प्रिन्सेस गोदी १८८० त, व्हिक्टोरिया गोदी १८८८ त व अलेक्झांड्रा गोदी १९१४ त पुरी झाली. या शेवटचीस आज इंदिरा गोदी म्हणतात. अलेक्झांड्रा गोदी खणतांना निघालेल्या मातीनें समुद्र मागें हटवून जी भूमि मिळविली तीच बॅलार्ड इस्टेट. जहाज आतां थेट धक्क्यास लागूं लागलें, होड्यांची गरज उरली नाहीं. विहारनौका आजहि येथेंच लागतात, आणि त्यांच्यासाठीं २०२५ सालीं नवें टर्मिनलहि खुलें झालें आहे.

येथें आमच्या उत्तराची पहिली चूक वाचकांच्या ध्यानांत येईल. "आपण उभे आहां हाच भाग फोर्ट," असें आम्हीं त्या जोडप्यास सांगितलें. परंतु आम्ही तिघेंहि ज्या जागीं उभीं होतों तेथें कोटाच्या काळीं समुद्राचें पाणी होतें. कोट आमच्या पुढें, पश्चिमेस, रस्ता ओलांडल्यावर लागत होता, आणि आम्ही त्यांस त्याकडे न पाठवितां गेटवेकडे जाऊं दिलें.

(४)

पायीं निघालेले बहुतेक उतारू गेटवेकडेच जातात, यांत नवल नाहीं. तें अंतर दीड मैलाच्या आंतलें आहे, वाट सरळ आहे, आणि घारापुरीच्या लाँची तेथूनच सुटतात. गेटवेची योग्यता आम्ही कमी लेखीत नाहीं. २ डिसेंबर १९११ रोजीं पंचम जॉर्ज बादशहा त्या बंदरीं उतरले, १९१३ सालीं पाया घातला गेला, जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याप्रमाणें काम होऊन १९२४ सालीं तें खुलें झालें, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं गोऱ्या फौजेची शेवटची तुकडी त्याच कमानीखालून निघून गेली. ज्या वास्तूनें येणें व जाणें दोन्ही पाहिलें ती पाहण्याजोगी आहेच. परंतु गेटवे हा कोटाचा दरवाजा नव्हे. ज्या तीन दरवाजांतून मुंबईची रोजची रहदारी शेंदीडशें वर्षें चालली ते पाडले गेले, आणि ज्या दरवाजांतून शहराचा नित्य व्यवहार कधींच चालला नाहीं तो तेवढा 'हिंदुस्थानचें द्वार' म्हणून पाहुण्यांच्या नजरेस पडतो.

यांत आमच्या इतिहासाचें काय बिघडलें, असें कोणी विचारील. बिघडलें तें असें. मुंबईचा कोट हा इंग्रजांनीं बांधिला, तरी त्याच्या रचनेंत मराठ्यांचा हात आहे. बूनच्या काळीं तट उठला त्याच काळीं कंपनीचें कान्होजी आंग्रे यांच्याशीं वैर पेटलें होतें, आणि १७१८ सालीं बूननें खांदेरीवर पाठविलेली मोहीम हात हालवीत परत आली. पुढें १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं वसई घेतली. साष्टी आधींच मराठ्यांकडे आली होती. आतां माहीमच्या खाडीपलीकडे थेट पेशव्यांचें राज्य आलें. मुंबईकर इंग्रजांनीं एकीकडे इंचबर्ड यास वसईस आप्पांकडे व गॉर्डन यास साताऱ्यास शाहू महाराजांकडे वकील म्हणून धाडिलें, आणि दुसरीकडे कोटाभोंवतीं खंदक खणण्याचें ठरविलें. त्या कामास मुंबईच्या व्यापाऱ्यांनीं ३०,००० रुपयांची वर्गणी दिली. व्यापारी सुखासुखीं वर्गणी देत नाहींत. ही रक्कम म्हणजे वसईच्या विजयाचा मुंबईंत उमटलेला ठसा होय.

पुढें तोफांच्या माऱ्यास आड येऊं नये म्हणून तटाबाहेरचीं घरें व झाडें काढून विस्तीर्ण पटांगण मोकळें राखण्यांत आलें. आजचीं ओव्हल, क्रॉस व आझाद हीं मैदानें त्याच पटांगणाचे तुकडे आहेत. दादरचा किंवा डोंबिवलीचा मुलगा रविवारीं ज्या मैदानावर क्रिकेट खेळतो तें मैदान मुळांत शत्रूस आडोसा मिळूं नये म्हणून मोकळें ठेविलेलें आहे, आणि तो शत्रु बहुतांशीं आपणच होतों.

आम्हीं वसईचा वेढा वर्गांत दरवर्षीं शिकविला. सुरुंग, शिड्या, तटावर चढलेले निशाण, सारें रंगवून सांगितलें. परंतु त्या विजयाची एक खूण मुंबईंत मैदानाच्या रूपानें पसरलेली आहे, हें एकाहि वर्षीं सांगितलें नाहीं. कारण तें आम्हांसच ठाऊक नव्हतें. परक्या बाईच्या एका प्रश्नानें तें उघडें पडलें.

(५)

आतां दुसरी चूक. "किल्ला उरला नाहीं," हें आमचें म्हणणेंहि पुरतें खरें नव्हे. बॅलार्ड पियरवर उतरलेल्या पायीं प्रवाशानें कोटास प्रदक्षिणा घालावयाची ठरविली, तर त्यास काय काय दिसेल, हें आम्हीं स्वतः चालून पाहिलें. तो मार्ग क्रमानें देतों.

फाटकांतून बाहेर पडून प्रथम उत्तरेकडे पी. डि'मेलो रस्त्यानें सेंट जॉर्ज रुग्णालयाकडे जावें. तेथील आवारांत जुन्या तटाचा एक तुकडा उभा आहे. डोंगरीचा जुना लहान किल्ला होता त्या जागीं १७६९ सालीं कोटाची उत्तरेकडील जोड म्हणून फोर्ट सेंट जॉर्ज बांधला गेला. हा तुकडा त्याचा. काळ्या दगडाचीं ती भिंत पाहिल्यावर नकाशावरील 'फोर्ट' शब्दास पहिल्यानें अर्थ येतो.

तेथून पश्चिमेस आलें म्हणजे छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत लागते. मुंबादेवीचें मूळ देऊळ याच परिसरांत होतें. स्टेशनासमोर बझारगेटची जागा व तिच्या आंत बोराबझारची गल्ली. दरवाजा नाहीं, परंतु गल्लीची अरुंदी व गर्दी पाहिली म्हणजे तटाच्या आंत कोंडलेलें शहर कसें असेल तें समजतें. १७ फेब्रुवारी १८०३ रोजीं लागलेल्या मोठ्या आगींत कोटाचा हाच उत्तर भाग होरपळला होता.

पुढें दादाभाई नौरोजी रस्त्यानें दक्षिणेस चालावें. हा रस्ता बहुतेक पश्चिम तटाच्या ओळीनेंच जातो. त्याच्या शेवटीं फ्लोरा फाउंटन आहे. चर्चगेट दरवाजा होता तो येथें. रेल्वेचें चर्चगेट स्टेशन पश्चिमेस बरेंच दूर असल्यामुळें नांवावरून प्रवासी फसतो. शेजारींच संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांतील हुतात्म्यांचें स्मारक आहे. एकाच चौकांत कंपनीचा दरवाजा व महाराष्ट्र राज्याचा जन्म अशा दोन गोष्टी उभ्या आहेत, आणि दोहोंमध्यें वीस पावलांचेंहि अंतर नाहीं.

तेथून पूर्वेस वळलें कीं सेंट थॉमसचें देऊळ, हॉर्निमन सर्कल व १८३३ सालीं पुरा झालेला टाउन हॉल, जेथें एशियाटिक सोसायटी आहे. टाउन हॉलच्या मागें बॉम्बे कॅसल. त्याच्या तटाचा कांहीं भाग व दरवाजा अजून शाबूत आहे. परंतु ती जागा नौदलाच्या ताब्यांत असल्यामुळें वाटेल त्यास आंत जातां येत नाहीं. नौदलाच्या त्या ठाण्याचें नांव 'आंग्रे' आहे. ज्या वाड्यांतून कान्होजींवर मोहिमा निघाल्या त्या वाड्यासच स्वतंत्र भारतानें त्यांचें नांव दिलें. आंत जातां आलें नाहीं तरी एवढें कळल्यावर प्रवासी त्या भिंतीकडे निराळ्या दृष्टीनें पाहील.

शेवटीं मुंबई समाचार मार्गानें, म्हणजे पूर्वींच्या अपोलो स्ट्रीटनें, दक्षिणेस लायन गेटपर्यंत जावें. अपोलो दरवाजा या टोंकास होता. भिंतीपलीकडे जुनी गोदी आहे, जेथें १७३६ पासून लवजी नसरवानजी वाडिया व त्यांच्या वंशजांनीं सागवानी जहाजें बांधिलीं. येथें १८१७ सालीं पाण्यांत लोटलेलें 'त्रिंकोमाली' हें जहाज आजहि इंग्लंडांत हार्टलपूल येथें जतन केलेलें आहे. जवळच काळा घोडा भागांत 'रँपार्ट रो' या जुन्या नांवानें ओळखली जाणारी वाट आहे. तटाची ओळ असाच त्या नांवाचा अर्थ. येथून गेटवे हाकेच्या अंतरावर आहे, तो पाहून समुद्राच्या बाजूनें परत फिरावें.

ही सर्व वाट तीन-साडेतीन मैलांची आहे. आम्हांस वयाच्या मानानें दोनदां बसून, एकदां चहा घेऊन, साडेतीन तास लागले. म्हणजे विहारनौकेच्या उतारूस मिळणाऱ्या वेळांत ती सुखानें बसते. संपूर्ण वाटेंत तटाची रेषा किंवा दरवाजाची जागा दाखविणारी खूण मात्र आम्हांस कोठें आढळली नाहीं.

(६)

या विषयावर तीन आक्षेप संभवतात; त्यांचा थोडक्यांत विचार करूं.

पहिला आक्षेप असा कीं, तट पाडला तो योग्यच केला. आतां त्याचें दुःख कशाला? तट पाडणें आवश्यक होतें हें आम्हांसहि मान्य आहे. कोंडलेल्या शहरास हवा व जागा हवी होती. परंतु पाडणें निराळें व विसरणें निराळें. बर्लिन शहरानें १९८९ सालीं उघडलेली आपली भिंत बहुतेक सर्व पाडली, तरी ती जेथून जात होती त्या रेषेवर रस्त्यांत दगडांची दुहेरी ओळ बसविली. लोक तीवरून चालतात, मोटारी जातात, कोणास अडथळा होत नाहीं, आणि विसरहि पडत नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, जहाजांचे उतारू पायीं हिंडूं लागले म्हणजे जुनीं शहरें तुडविलीं जातात. हा आक्षेप वजनदार आहे. एड्रियाटिक किनाऱ्यावरील दुब्रोव्हनिकचा तट १,९४० मीटर लांब असून आजहि पुरा उभा आहे, आणि लोक पैसे देऊन त्यावरून प्रदक्षिणा करतात. पण तेथें एकाच दिवशीं इतक्या नौका येऊं लागल्या कीं, २०१९ पासून एका वेळीं दोन नौका व चार हजार उतारू अशी मर्यादा घालावी लागली. व्हेनिसमध्यें १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या नौकांस सॅन मार्कोजवळून जाण्याची बंदी झाली. परंतु तीं शहरें लहान आहेत, आणि मुंबईच्या फोर्ट भागांत दररोज लोकलनें येणाऱ्या नोकरदारांची संख्याच अपार आहे. त्या लोंढ्यांत एका जहाजाचे दोन-तीन हजार उतारू मिसळले तर समुद्रांत घागर ओतल्यासारखें होईल. शिवाय आज ते सर्व एकाच ठिकाणीं, गेटवेपाशीं, जमतात. वाट वांटली गेली तर गर्दी कमीच होईल.

तिसरा आक्षेप आमच्याच एका स्नेह्यांनीं घेतला. ते म्हणाले, "गुरुजी, चार तासांच्या परक्या पाहुण्यासाठीं आपण इतिहासाच्या खुणा मांडीत बसावें काय?" यास आमचें उत्तर असें कीं, खूण पाहुण्याच्या निमित्तानें मांडावयाची, पण ती वाचणार आपलींच मुलें. परका मनुष्य नकाशा घेऊन, वेळ मोजून, पायीं चालत येतो व सरळ प्रश्न विचारतो. आपण तेथें राहतों किंवा वारंवार जातों म्हणून प्रश्नच विचारीत नाहीं. मोटारींतून जाणाऱ्या उतारूनें तो प्रश्न आम्हांस केला नसता. त्यास किल्ल्याची उणीव जाणवण्याइतकें सावकाश शहर दिसतच नाहीं. पायीं चालणारा मनुष्य नकाशावरील शब्द व डोळ्यांपुढील वस्तु यांचा मेळ घालून पाहतो, आणि मेळ बसला नाहीं म्हणजे थांबतो. संशोधकाचा धंदा तरी याहून वेगळा काय आहे?

तेव्हां आमची सूचना लहानशी आहे. अपोलो, चर्चगेट व बझारगेट या तीन दरवाजांच्या जागीं एकेक साधा दगड बसवावा, आणि त्यावर मराठींत व इंग्रजींत दरवाजाचें नांव व बांधल्या-पाडल्याचीं वर्षें कोरावीं. ओव्हल मैदानाच्या कडेस चौथा दगड बसवून त्यावर १७३९ सालच्या खंदकाची व पटांगणाची हकीकत चार ओळींत लिहावी. बंदराच्या फाटकापाशीं पांचवा दगड असावा, आणि त्यावर एवढेंच असावें कीं, येथें पूर्वीं समुद्र होता, कोट येथून पश्चिमेस आहे. खर्च फार नाहीं. जागा निश्चित करण्यास जुने नकाशे पुरेसे आहेत, आणि त्या कामास लागणारी मेहनत घेण्यास आमच्यासारखीं रिकामीं झालेलीं माणसें पुष्कळ आहेत.

(७)

त्या दिवशीं सायंकाळीं ग्रंथालयांतून निघून आम्ही पुन्हा धक्क्याच्या बाजूस गेलों. तें जोडपें भेटेल अशी अंधुक आशा होती, भेटलें नाहीं. उतारू परतत होते. कित्येकांच्या हातांत पिशव्या होत्या, कित्येक पायांनीं थकलेले दिसत होते. थोड्या वेळानें जहाजाचा भोंगा झाला.

तीं दोघें भेटलीं असतीं तर आम्ही त्यांस सांगितलें असतें कीं, सकाळीं आम्हीं आपणांस चुकीची माहिती दिली. आपण उभीं होतां तें फोर्ट नव्हे, समुद्राचा तळ होता. किल्ला रस्त्यापलीकडे आहे. त्याचा एक तुकडा रुग्णालयाच्या आवारांत उभा आहे, एक वाडा नौदलापाशीं आहे, त्याचे दरवाजे रस्त्यांच्या नांवांत आहेत, आणि त्याच्या भोंवतालची भीति तीन मैदानें होऊन पसरली आहे. आपण गेटवेपर्यंत गेलां असाल तर बहुतेक वाट त्याच्या शेजारूनच गेला असाल.

पुढील खेपेस जो कोणी विचारील त्यास तरी हें उत्तर मिळावें, एवढ्यासाठीं हा लेख लिहिला. जिज्ञासू वाचकांनीं ही वाट एकदां स्वतः चालून पाहावी, आणि आमच्या वर्णनांत जेथें चूक आढळेल तेथें ती निःसंकोचपणें दाखवावी, अशी विनंति आहे. इत्यलम्.